प्रक्रिया सुधारणेचे पहिले प्रशिक्षण: आधी माणसे, मग मोजमाप, शेवटी उपाय

प्रक्रिया सुधारणेचे प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी साधनांपासून सुरू होते. माशाचा सांगाडा (कारणे फांद्यांसारखी मांडणारी आकृती), परेटो (कारणे उतरत्या क्रमाने मांडणारा तक्ता), पाच वेळा 'का'. दोन दिवसांत बारा साधने शिकवून होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि महिनाभराने कुणीच काही वापरत नसते. साधने कठीण असतात म्हणून असे होत नाही. कोणत्या कामावर ती चालवायची, निर्णय कोणाचा आणि सुधारलेली प्रक्रिया पुढे सांभाळणार कोण, हे कुणी ठरवलेलेच नसते. म्हणून या लेखात भूमिका आधी घेतल्या आहेत. साधने त्यांच्या मागोमाग, आणि तीही पहिल्या प्रकल्पाला लागतील तेवढीच.

उदाहरण सगळीकडे एकच आहे: पुरवठादाराचे बिल कार्यालयात आल्यापासून त्याला मंजुरी मिळेपर्यंतचे काम. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण त्यांची जातकुळी कोणत्याही कार्यालयात किंवा कारखान्यात सापडेल.

पद्धत कोणती घ्यायची

सुरुवातीच्या माणसाला तीन नावे कळली तरी पुरे.

पहिले पीडीसीए, चार टप्प्यांचे चक्र: योजना, कृती, तपासणी आणि तपासणीनुसार कार्यवाही. मुळात विचार वॉल्टर शूहार्ट यांचा. १९२४ साली पहिला नियंत्रण तक्ता मांडणारे तेच. १९५० मध्ये डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानमध्ये व्याख्याने दिली आणि तिथे हे चक्र रुजले. दुसरे लीन, म्हणजे टोयोटात ताइची ओनो यांच्या हाताखाली घडलेली विचारपद्धती. तिचा भर कामाचा प्रवाह मोकळा करण्यावर आणि वाया जाणारे श्रम काढण्यावर. तिसरे सिक्स सिग्मा. ते १९८६ मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ यांनी सुरू केले, आणि त्याचा भर आहे कामातला चढउतार कमी करण्यावर. डीएमएआयसी हे पाच टप्पे, म्हणजे व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण, याच परंपरेतले.

निवड करताना दोन प्रश्न विचारावेत. कारण माहीत आहे का? उपाय माहीत आहे का? दोन्ही माहीत असतील तर प्रकल्प काढू नका, काम करून टाका. कारण दिसते आहे पण काम जागोजागी तुंबते, तर तीन ते पाच दिवसांची कायझेन कार्यशाळा घ्या, म्हणजे टीमने एकत्र बसून त्या कामात लहान सुधारणा करायच्या. कारणच माहीत नाही आणि प्रत्येक विभाग वेगळे कारण सांगतो, तेव्हा डीएमएआयसी. त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. छोट्या, वारंवार होणाऱ्या बदलांना पीडीसीए पुरते. उपाय आधीच ठरलेला असताना डीएमएआयसीचा देखावा करणे ही सर्वात महागडी चूक आहे. टीमला ते आठवडाभरात कळते, आणि पुढच्या खेपेला कुणी मनापासून बसत नाही.

भूमिका

प्रायोजक म्हणजे ज्याच्या शब्दाने माणसे, वेळ आणि परवानगी मिळते असा वरिष्ठ. सनदेवर, म्हणजे प्रकल्प काय आणि कशासाठी हे ठरवणाऱ्या एका पानावर, सही करणे, विभागांमधले अडथळे दूर करणे आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी अर्धा तास आढाव्याला बसणे, हे त्याचे काम. 'माझा पाठिंबा आहे' असे म्हणून जो आढाव्याला येत नाही, तो प्रायोजक नव्हे. प्रकल्प सुरू करण्याआधी आढाव्याच्या तारखा त्याच्या दिनदर्शिकेत घालून घ्या. तारखा मिळत नसतील तर ते तेव्हाच कळलेले बरे.

प्रक्रियेचा मालक, म्हणजे प्रोसेस ओनर. ही भूमिका सर्वांत जास्त विसरली जाते आणि प्रकल्प खरे तर हिच्यावरच टिकतो. टीम विसर्जित झाल्यावरही जो रोज त्या प्रक्रियेसोबत राहणार आहे, तो मालक. बिल चार विभागांतून फिरत असेल तर प्रत्येक विभागप्रमुख म्हणतो, माझ्या टेबलापुरते मी पाहतो. आवक नोंदीपासून मंजुरीपर्यंतच्या पूर्ण वाटेला एकच नाव लागते. ते नाव सापडत नसेल तर पहिला प्रकल्प तोच समजा.

टीम लीडर रोजचे काम ओढतो: बैठका, माहिती गोळा करणे, पाठपुरावा. सिक्स सिग्मातल्या प्रशिक्षणाच्या पातळ्यांना बेल्ट म्हणतात; त्या भाषेत हा बहुधा ग्रीन बेल्ट असतो आणि आपले नेहमीचे काम सांभाळून प्रकल्प करतो. ब्लॅक बेल्ट सहसा पूर्ण वेळ याच कामावर असतो आणि मोठे प्रकल्प चालवत ग्रीन बेल्टना मार्गदर्शन करतो. मास्टर ब्लॅक बेल्ट ब्लॅक बेल्टना घडवतो. यलो बेल्ट म्हणजे पायाभूत साधने जाणणारा टीम सदस्य. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. बेल्टचा रंग हे प्रशिक्षण आहे, टीममधली जबाबदारी नव्हे. ब्लॅक बेल्ट मिळालेला माणूसही एखाद्या टीममध्ये साधा सदस्य म्हणून बसू शकतो.

फॅसिलिटेटर चर्चा चालवतो, पण चर्चेच्या विषयावर मत देत नाही. लीडर आणि फॅसिलिटेटर एकच माणूस असला की बैठक हळूहळू त्याच्या आवडत्या उपायाकडे सरकते आणि गप्प बसणारे गप्पच राहतात. माणसे कमी असतील तर निदान कारणे शोधण्याच्या बैठकीपुरता दुसऱ्या विभागातला कुणीतरी फॅसिलिटेटर म्हणून बोलवा.

सदस्य पाच ते सात असावेत. त्यातले निम्म्याहून जास्त प्रत्यक्ष ते काम हाताने करणारे. आवक टेबलावर शिक्का मारणारा माणूस टीममध्ये नसेल तर प्रक्रियेचा नकाशा चुकीचा निघणार, हे गृहीत धरा. शिवाय फायद्याचे आकडे तपासायला लेखा विभागातला एक जण, आणि प्रत्येक बैठकीला आळीपाळीने एक नोंदकर्ता व एक वेळ पाहणारा. सदस्यांना आठवड्याला चार तास मोकळे हवेत आणि तसे त्यांच्या थेट वरिष्ठाने लिहून द्यायला हवे. तोंडी कबुली पहिल्या गर्दीच्या आठवड्यातच हवेत विरते.

हे सगळे एका तक्त्यात मांडा. डावीकडे कामे, वर नावे. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक: करणारा, उत्तरदायी, सल्ला देणारा, फक्त माहिती मिळणारा. करणारे अनेक चालतील, पण एका कामाला उत्तरदायी एकच. एका ओळीत दोन उत्तरदायी दिसले की तिथेच थांबा आणि प्रायोजकाकडून निकाल घ्या.

सनद: एका पानाची

समस्येचे विधान लिहिताना नवशिके हमखास असे लिहितात: 'सॉफ्टवेअर जुने असल्यामुळे बिले वेळेत निघत नाहीत.' यात कारण आधीच ठरवले आहे, उपायही सुचवला आहे आणि आकडा एकही नाही. बरोबर विधान असे: 'जानेवारी ते मार्च या काळात आलेल्या बिलांना मंजुरी मिळायला सरासरी ८ दिवस लागले. अपेक्षित मुदत ३ दिवस आहे.' काय, कुठे, केव्हा, किती. 'कारण' किंवा 'मुळे' हा शब्द आला की विधान परत लिहायचे, हा साधा नियम वर्गात फार उपयोगी पडतो.

सनदेत याखेरीज उद्दिष्ट आणि त्याची तारीख, प्रक्रियेचे पहिले व शेवटचे पाऊल, काय या प्रकल्पात नाही त्याची यादी, भूमिका आणि टप्प्यांच्या तारखा. 'काय नाही' ही यादी लिहायला माणसे कंटाळतात. ती नसेल तर तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी पुरवठादार निवडीचा विषय काढतो आणि प्रकल्प दुप्पट होतो.

नकाशा

आधी सायपॉक, म्हणजे प्रक्रियेचा ढोबळ नकाशा. त्यात पाच रकाने: पुरवठादार, आत येणारे, प्रक्रिया, बाहेर पडणारे, ग्राहक. डावीकडून उजवीकडे भरत जाऊ नका. आधी मधला रकाना, पाच ते सात पावलांत. मग बाहेर पडणारे आणि ग्राहक, आणि सर्वांत शेवटी आत येणारे आणि पुरवठादार. पावले पंधरा झाली तर तुम्ही फार खोलात गेलात.

मग जागेवर जा. बैठकीच्या खोलीत काढलेला नकाशा म्हणजे काम कसे व्हायला हवे त्याचा नकाशा. नव्याने आलेल्या ३० बिलांना एकेक चिठ्ठी जोडा. ओळीने आलेली ३० घ्या, निवडून काढलेली नको. चिठ्ठीवर चार ओळी: आवक, तपासणी, लेखा, मंजुरी. प्रत्येक ओळीत तीन वेळा लिहायच्या: कागद टेबलावर आला ती, हातात घेतला ती आणि पुढे दिला ती. मधली वेळ लिहायला लोक विसरतात, म्हणून पहिले दोन दिवस टीमच्या एकाने टेबलांवर फिरून आठवण करावी. सगळे या मधल्या वेळेवरच अवलंबून आहे, कारण तिच्यामुळेच काम आणि वाट पाहणे वेगळे होते.

समजा चिठ्ठ्यांवरून निघाले की एका बिलावर प्रत्यक्ष काम ४० मिनिटांचे आहे आणि ते ८ दिवस कार्यालयात असते. आठ तासांच्या दिवसाने ८ दिवस म्हणजे ३,८४० मिनिटे. म्हणजे कामाचा वाटा जेमतेम एक टक्का. उरलेला सगळा वेळ कागद कुठल्यातरी ट्रेमध्ये पडून आहे. अशा प्रक्रियेत माणसांना भरभर काम करायला सांगून काहीही हाती लागत नाही. चाळीसची तीस मिनिटे झाली तरी ग्राहकाला फरक जाणवणार नाही.

वाट पाहण्याची वेळ चिठ्ठ्यांशिवायही ताडून पाहता येते. हातात असलेली बिले भागिले रोज निकाली निघणारी बिले. १२० बिले पडून आहेत आणि रोज १५ निघतात, तर नवे बिल बाहेर पडायला सरासरी ८ दिवस. याला लिटलचा नियम म्हणतात. चिठ्ठ्यांचे उत्तर आणि हे उत्तर फार वेगळे आले तर कुठेतरी बिले मोजलीच गेलेली नाहीत. बहुधा कुणाच्या तरी खणात 'अडलेली' म्हणून एक वेगळा गठ्ठा असतो.

नकाशावर वाया जाणारे श्रम खुणावताना ओनो यांची सात नावे वापरा: जास्तीचे उत्पादन, वाट पाहणे, वाहतूक, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल, दोष. आठवे पुढे जोडले गेले: माणसाच्या बुद्धीचा वापर न होणे.

मोजमाप

दोष मोजण्याआधी दोष म्हणजे काय हे ठरवावे लागते. हे भाषणाने पटत नाही, म्हणून वर्गात एक खेळ घ्या. मराठीतला दहा ओळींचा परिच्छेद प्रत्येकाला द्या आणि सांगा: यातले 'र' मोजा, दोन मिनिटे. उत्तरे फळ्यावर लिहा. वीस माणसांच्या वर्गात सात-आठ वेगळी उत्तरे येतात. मग विचारा, 'कार्य'मधला रफार मोजला का? 'प्रक्रिया'मध्ये किती धरले, शून्य की दोन? 'राष्ट्र'मध्ये एक की दोन? 'सुधारणाऱ्या'मधला अर्धा? वर्गात खरोखर वाद होतो, आणि तोच हवा असतो. नियम फळ्यावर लिहा: 'र'चा उच्चार कोणत्याही रूपात आला की एक. पुन्हा मोजायला लावा. उत्तरे एकमेकांच्या बरीच जवळ येतात, तरी तंतोतंत जुळत नाहीत, कारण नजरचूक उरतेच. नियमाची अस्पष्टता आणि मोजणाऱ्याची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पंधरा मिनिटांत समजते.

बिलांच्या बाबतीत हाच प्रश्न असा येतो: परत पाठवलेले बिल म्हणजे पुरवठादाराकडे गेलेले, की शेजारच्या टेबलावर 'जरा बघ' म्हणून दिलेलेही? लिहून ठरवा. मग दोघांना तीच २० बिले स्वतंत्रपणे तपासायला द्या. दोन-तीनपेक्षा जास्त बिलांवर मतभेद निघाले तर व्याख्या सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेजारच्या टेबलावरच्या त्या 'जरा बघ'मुळे आकडे फसवतात. चार टप्प्यांवर पहिल्याच खेपेत बरोबर जाणाऱ्या बिलांचे प्रमाण ९५, ९०, ९८ आणि ९२ टक्के असेल, तर प्रत्येक टेबलाला आपले काम उत्तम वाटते. पण चारही गुणले की ७७ टक्के येतात. जवळपास चारातले एक बिल कुठे ना कुठे अडखळते.

सिक्स सिग्माचा '३.४' हा आकडाही इथेच समजावून सांगावा: दोष होण्याच्या दहा लाख संधींमागे ३.४ दोष. त्यात प्रक्रिया दीर्घकाळात १.५ सिग्मा (सिग्मा म्हणजे चढउताराचे माप) सरकेल हे धरलेले आहे. पहिल्या प्रकल्पात या आकड्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

कारणे

समजा महिन्यात २०० बिले परत गेली. ऑर्डर क्रमांक नाही ८४, मालाच्या संख्येत फरक ५२, कराची रक्कम चुकली २८, सही नाही २०, इतर १६. उतरत्या क्रमाने मांडून बेरीज करत गेले की ४२, ६८, ८२, ९२, १०० टक्के. पहिल्या दोन कारणांत दोन तृतीयांश प्रश्न आहे. या मांडणीला परेटोचे नाव जोसेफ जुरान यांनी दिले. 'इतर'चा खांब सर्वांत उंच निघाला तर वर्गवारी फसली आहे, नव्याने करा.

आता ८४वर लक्ष द्या. बिल परत का गेले? ऑर्डर क्रमांक नव्हता. का नव्हता? पुरवठादाराने लिहिला नाही. का? त्याला तो मिळालाच नव्हता. का? ऑर्डर फोनवर दिली होती, लेखी नंतर निघाली. का? लेखी ऑर्डर निघायला दोन दिवस लागतात आणि माल तातडीने हवा होता. आता खालून वर 'म्हणून' लावून वाचा: लेखी ऑर्डरला दोन दिवस लागतात, म्हणून फोनवर दिली, म्हणून क्रमांक कळला नाही, म्हणून बिलावर नाही, म्हणून परत गेले. एखाद्या जागी 'म्हणून' अडखळला तर तिथली कडी कच्ची आहे. साखळी 'कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष' येथे संपली तर ती अर्धवट आहे. त्याच जागी दुसरा माणूस बसवला तरी हेच झाले असते का, हा प्रश्न विचारून पुढे जा.

इथे थांबायचा मोह होतो, कारण गोष्ट पटणारी असते. पण पटणारी गोष्ट आणि सिद्ध झालेले कारण यात फरक आहे. त्या ८४ बिलांपैकी किती फोनवरच्या ऑर्डरची होती ते मोजा. समजा ७१, म्हणजे सुमारे पंच्याऐंशी टक्के. आता परत न गेलेल्या बिलांतही फोनच्या ऑर्डरचे प्रमाण मोजा. ही दुसरी मोजणी बहुतेक टीम करत नाहीत. तिथे ते प्रमाण दहा टक्के निघाले तर कारण पक्के होत चालले आहे. तिथेही पंच्याऐंशी टक्के निघाले, तर सगळीच खरेदी फोनवर होते आहे आणि खरे कारण दुसरीकडे आहे.

उपाय, आधी छोटा

वर्गात प्रवाहाचा फरक दाखवायला कागदाची घडी पुरते. चार माणसे, दहा कागद, प्रत्येकाला दहा सेकंदांची एक घडी. पहिल्या फेरीत दहाचा गठ्ठा पूर्ण झाला की पुढे द्यायचा. सगळे संपायला ४०० सेकंद लागतात. दुसऱ्या फेरीत एक कागद झाला की लगेच पुढे. पहिला कागद ४० सेकंदांत आणि दहावा १३० सेकंदांत हातात येतो. कुणीही वेगाने काम केलेले नाही. मग दुसऱ्या माणसाला घडी चुकवायला सांगा आणि चौथ्याला ती पकडायला. गठ्ठ्याच्या फेरीत चूक कळेपर्यंत दहाही कागद बिघडलेले असतात, दुसऱ्या फेरीत तीनच. आठवड्यातून एकदाच सह्या करणाऱ्या वरिष्ठाला हा खेळ आवर्जून खेळवा.

उपाय निवडताना पहिली पसंती चूक होऊच न देणाऱ्याला. शिगेओ शिंगो यांनी याला पोका-योके हे नाव रूढ केले. इथे ते असे होईल: फोन करण्याआधी क्रमांक निघतो आणि क्रमांकाशिवाय आवक नोंद पुढे सरकत नाही. सूचनाफलक, परिपत्रक आणि 'काळजी घ्या' हे सर्वांत दुबळे उपाय.

एका विभागात दोन ते चार आठवडे चालवून पाहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. चाचणीआधीच लिहून ठेवा की किती फरक पडला तर उपाय ठेवायचा. हे नंतर ठरवले की प्रत्येक उपाय यशस्वीच होतो.

हवाली करणे

रोजच्या सरासरी मंजुरी-काळाचा ठिपका एका तक्त्यावर, म्हणजे नियंत्रण तक्त्यावर, टाकत जा. वीसेक ठिपके झाले की मर्यादा काढा: सरासरी, अधिक व उणे २.६६ गुणिले लागोपाठच्या दोन ठिपक्यांतला सरासरी फरक. चाचणीनंतर सरासरी ३ दिवस आणि तो फरक ०.५ असेल तर मर्यादा साधारण १.७ आणि ४.३. ठिपका बाहेर गेला, किंवा सलग आठ ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी बदलले आहे. आतल्या आत हलणाऱ्या ठिपक्याबद्दल कुणाला जाब विचारू नका. त्याने माणसे आकडे सजवायला शिकतात.

नियंत्रण योजना अर्ध्या पानाची असावी: काय मोजायचे, कोण, किती वेळा, मर्यादा किती आणि मर्यादा ओलांडली तर पहिल्या तासात कोण काय करणार. त्यावर सही प्रक्रियेच्या मालकाची. लीडरची सही इथे चालत नाही, कारण तो उद्या दुसऱ्या प्रकल्पावर असेल.

प्रशिक्षणाची आखणी

वर्ग बारा ते सोळा जणांचा, गट चार-पाच जणांचे. 'र'च्या खेळाला मात्र दोन वर्ग एकत्र केले तरी चालते. दोन दिवस सलग न घेता मध्ये आठवडा जाऊ द्या. पहिल्या दिवशी सकाळी भूमिका आणि सनद, दुपारी सायपॉक व मोजमाप. मधल्या आठवड्यात प्रत्येक गटाने स्वतःच्या प्रक्रियेतल्या ३० कामांची चिठ्ठी भरून आणायची. दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यांवर परेटो आणि कारणे, मग घडीचा खेळ, नियंत्रण, आणि शेवटचा तास प्रायोजकांसमोर सनद मांडायला. ज्याच्याकडे प्रकल्प नाही त्याला वर्गात बसवू नका. आधी प्रकल्प शोधा.

तीन महिन्यांनी परत जाऊन दोनच गोष्टी पाहा: तक्त्यावरचा शेवटचा ठिपका कोणत्या तारखेचा आहे, आणि तो कुणी टाकला.